तर्गुमसह पाराशा कशी वाचावी: दोनदा हिब्रू, एकदा अरामी

यहुदी परंपरेत दर आठवड्याच्या पाराशेचा, म्हणजे तोराच्या (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या) त्या आठवड्याच्या भागाचा, घरी स्वतंत्र पाठ करायचा असतो. मूळ हिब्रू दोनदा वाचायचे आणि त्याचे अरामी भाषांतर, म्हणजे तर्गुम, एकदा. या प्रथेचे नाव ‘श्नायिम मिक्रा वे-एखाद तर्गुम’. तालमूदच्या, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्रमाण ग्रंथाच्या, बेराखोत भागात (८अ-ब) हा नियम येतो. माणसाने आपल्या पाराशा समाजाच्या बरोबरीने पूर्ण कराव्यात, आणि ‘अटारोत व दिबोन’ अशी नुसती गावांची नावे असलेले वचनही (गणना ३२:३) वगळू नये, असे तिथे सांगितले आहे. त्याच ठिकाणी राव बीबी बार अबाये यांची हकिकत आहे. वर्षभराच्या पाराशा योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी एका बैठकीत उरकायच्या, असे त्यांच्या मनात होते. तो बेत फसल्यावर त्यांनी सगळे आधीच वाचून टाकायचे ठरवले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की वेळेआधीही नको आणि वेळेनंतरही नको. थोडक्यात, हा पाठ दर आठवड्याला त्या त्या आठवड्याचाच करायचा.

संदर्भांबद्दल आधीच एक सांगून ठेवतो. मराठी बायबलमध्ये तोराच्या पाचव्या पुस्तकाचे नाव ‘अनुवाद’ असे आहे. त्याचा भाषांतराशी, म्हणजे तर्गुमशी, काही संबंध नाही. खाली ‘अनुवाद’ हा शब्द आणि पुढे आकडे दिसले, तर ते पुस्तकाचे नाव समजावे.

कोणता तर्गुम घ्यायचा

तोराचे अरामी तर्गुम एकाहून जास्त आहेत. साप्ताहिक पाठासाठी ओंकेलोसचाच घ्यायचा. परंपरेनुसार धर्मांतरित ओंकेलोसने तो रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशुआ यांच्या मार्गदर्शनाखाली सांगितला (मेगिला ३अ). त्याची सुरुवात पॅलेस्टाइनमध्ये झाली आणि अंतिम रूप बाबिलोनियात आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बाबिलोनी तालमूद त्याला ‘आपला तर्गुम’ म्हणतो (किद्दुशीन ४९अ), आणि म्हणूनच धर्मनियमात प्रमाण तो ठरला.

छापील मिक्राओत गेदोलोतमध्ये (भाष्यांसह छापलेल्या हिब्रू बायबलमध्ये) ओंकेलोसच्या जोडीला ‘योनातान बेन उझ्झीएल’ या नावाचा आणखी एक तर्गुम दिसतो. नवखा वाचक हमखास इथे फसतो. तोरावरचा हा तर्गुम योनातानचा नाही. तो येरूशल्मी, म्हणजे पॅलेस्टिनी, परंपरेतला आहे. ‘तर्गुम येरूशल्मी’ आणि ‘तर्गुम योनातान’ या दोन्ही नावांचे हिब्रू लघुरूप ‘तव-योद’ असेच होते. कुणीतरी ते चुकीचे उलगडले आणि ते नाव चिकटले. तो १५९१ मध्ये व्हेनिस इथे छापला गेला. त्यात भरपूर कथा मिसळल्या आहेत आणि काही भर बरीच उशिराची आहे. उत्पत्ती २१:२१ मध्ये इश्माएलच्या बायकांची नावे अदीशा आणि फातिमा अशी येतात, म्हणजे तो मजकूर इस्लामच्या उदयानंतर लिहिला गेला हे उघड आहे. वाचायला तो फार गमतीचा आहे, पण साप्ताहिक कर्तव्य त्याने भागत नाही. योनातान बेन उझ्झीएलचा खरा तर्गुम संदेष्ट्यांच्या पुस्तकांवर आहे. हफ्तारासाठी, म्हणजे पाराशेनंतर वाचायच्या संदेष्ट्यांच्या उताऱ्यासाठी, तो लागेल.

तिसरा तर्गुम नेओफिती. त्याचे हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात होते. सूचीत त्याची ओळख चुकीची लागल्यामुळे कुणाचे लक्ष गेले नाही, आणि १९५६ मध्ये आलेहान्द्रो दिएस माचो यांनी ते ओळखले. तुलना करायला तो उत्तम आहे. पाठासाठी मात्र तो वापरत नाहीत.

पुस्तक निवडताना

हिब्रू आणि ओंकेलोस एकाच पानावर शेजारी-शेजारी हवेत. दोन वेगळी पुस्तके उघडून बसलात तर दहाव्या वचनापर्यंत बोट चुकतेच. ओंकेलोसला स्वरचिन्हे असलीच पाहिजेत. स्वच्छ हिब्रू वाचणारा माणूसही स्वरांशिवाय अरामी वाचताना सवयीने हिब्रू स्वर घालतो, आणि मग शब्दाचे रूप बिघडते. तोरा, ओंकेलोस आणि मध्ययुगीन भाष्यकार राशीचे भाष्य हे तिन्ही एकत्र छापण्याची चाल जुनी आहे. १४८२ च्या बोलोन्याच्या छापील आवृत्तीत हीच रचना होती. सेफारिया या संकेतस्थळावर ओंकेलोस फुकट मिळतो. पण शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) मोबाइल किंवा संगणक चालू करायचा नसतो, तेव्हा घरात एक छापील हुम्माश (तोराचे पुस्तक) ठेवणे भागच आहे.

येमेनी परंपरेत हिब्रू वचन, त्याखाली ओंकेलोस आणि त्याखाली सादिया गाओन यांचे अरबी भाषांतर अशी रचना असते. अशा ग्रंथाला ‘ताज’ म्हणतात. जुन्या ताजमध्ये तर्गुमची स्वरचिन्हे अक्षरांच्या डोक्यावर असतात. ही बाबिलोनी पद्धत. नेहमीची खालची चिन्हे शोधत बसलात तर काहीच उमगणार नाही.

आठवड्याची आखणी

रूढ मोजणीप्रमाणे तोरात ५८४५ वचने आहेत आणि पाराशा ५४. म्हणजे सरासरी एका पाराशेला १०८ वचने, आणि तीन आवर्तने धरली तर सव्वातीनशेच्या आसपास. सरासरीवर मात्र विसंबू नका. वयेलेखमध्ये फक्त ३० वचने आहेत, तर नासोमध्ये १७६. मत्तोत आणि मासे जोडून आल्या की २४४ वचने होतात, तिप्पट केली तर ७३२. तो आठवडा उन्हाळ्यात येतो. शुक्रवारी दुपारी पुस्तक उघडायची सवय असलेला माणूस त्या आठवड्यात हमखास अडकतो.

सर्वांत सोयीची वाटणी सात आलियांची. सिनेगॉगमध्ये शब्बाथला पाराशा सात जणांत वाटली जाते. हुम्माशमध्ये ते विभाग खुणा करून दिलेले असतात. रविवारी पहिला, सोमवारी दुसरा असे करत जायचे आणि शुक्रवारी सहावा व सातवा एकत्र घ्यायचा. पुढची पाराशा शब्बाथच्या मिन्हात (दुपारच्या प्रार्थनेत) वाचायला सुरुवात होते, त्या क्षणापासून ती ‘समाजाबरोबर’ मोजतात. म्हणून शनिवारी संध्याकाळीही पाठ सुरू करता येतो. शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या संहितेप्रमाणे (ओराह हायिम २८५) शब्बाथ सकाळच्या जेवणाआधी पाठ पूर्ण व्हावा हे उत्तम. नाही जमले तर मिन्हाआधी.

काही जण संपूर्ण पाठ शुक्रवारी सकाळीच एका बैठकीत करतात. ती कबालावाद्यांची, म्हणजे यहुदी गूढवाद्यांची, चाल. अरामी वाचायची सवय पक्की झाल्यावरच तिच्या वाटेला जावे. सुरुवातीला एका वचनाच्या तिन्ही आवर्तनांना मिळून मिनिटभर लागेल असे धरा. रोजच्या पंधरा-वीस वचनांना तेवढीच मिनिटे लागतील. एवढा वेळ मिळू शकतो.

प्रत्यक्ष वाचन

तीन पद्धती चालतात. पहिलीत एक वचन दोनदा हिब्रूत वाचायचे, लगेच त्याच वचनाचा तर्गुम, आणि मग पुढचे वचन. दुसरी ‘विल्नाचा गाओन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींची. तोराच्या मजकुरात जिथे परिच्छेद तुटतो (छापील प्रतीत तिथे ‘पे’ किंवा ‘सामेख’ हे अक्षर असते) तिथपर्यंतचा भाग दोनदा वाचायचा, मग त्या भागाचा तर्गुम. तिसरीत सबंध पाराशा दोनदा आणि शेवटी सगळा तर्गुम. ही वैध आहे, पण शिकणाऱ्याच्या काही कामाची नाही. तर्गुमपाशी पोहोचेपर्यंत हिब्रू वचन डोक्यातून गेलेले असते आणि अरामी नुसते ओठांवरून निघून जाते.

नवख्याने पहिली पद्धत धरावी. अर्थाचा ओघ हवा असेल तर दुसरी बरी, पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. वायेत्से आणि मिकेत्स या पाराशांत आतमध्ये एकही तुटक नाही. वायेत्सेची १४८ वचने सलग आहेत. गाओनची पद्धत अक्षरशः पाळणारा त्या आठवड्यात १४८ वचने दोनदा वाचून मगच तर्गुमकडे वळेल. अशा ठिकाणी प्रसंग बदलतो तिथे थांबायचे: याकोबाचे स्वप्न, विहिरीवरची भेट, मुलांचे जन्म, लाबानाशी करार.

हिब्रू वाचन आघातचिन्हांच्या चालीवर करता येत असेल तर तसे करावे. तर्गुमला तशी चाल लागत नाही. तो सरळ, पण ओठ हलवून वाचायचा. नुसते डोळ्यांखालून घातलेले मोजत नाहीत. मध्ये बोलणे टाळावे. शेवटच्या वचनाचा तर्गुम झाला की तेच वचन पुन्हा एकदा हिब्रूत वाचतात, म्हणजे पाठ तोराच्या शब्दांवर संपतो. पाराशा झाली की हफ्तारा वाचून घ्यायची चालही आहे.

हिब्रूवरून अरामी कसे ओळखायचे

ज्याला प्रार्थनेपुरते हिब्रू येते त्याला ओंकेलोस निम्म्याहून जास्त कळतो. अट एवढीच की पुढचे थोडे बदल अंगवळणी पडले पाहिजेत.

हिब्रूत निश्चितता दाखवणारे ‘हा-’ शब्दाआधी लागते. अरामीत शब्दाच्या शेवटी ‘-आ’ येतो. हा-शामायिमचे शमाया होते, हा-आरेत्सचे अर्आ. अनेकवचनाचा ‘-इम’ जाऊन ‘-इन’ येतो. कर्माची खूण ‘एत’ तर्गुममध्ये ‘यात’ होते. ‘आशेर’च्या जागी ‘दे-’ किंवा ‘दी’ येतो. ‘की’च्या जागी ओंकेलोसमध्ये बहुतेक ठिकाणी ‘अरे’ दिसेल.

व्यंजनांत तीन अदलाबदली सतत भेटतात. हिब्रू झायिनच्या जागी दालेत (झाहावचे दहावा, म्हणजे सोने), शीनच्या जागी तव (शालोशचे तेलात, म्हणजे तीन) आणि त्सादेच्या जागी आयिन (आरेत्सचे अर्आ). यांतली दुसरी अदलाबदल एक सापळा लावते. हिब्रू ‘शोर’ म्हणजे बैल. अरामीत त्याचे होते ‘तोरा’. म्हणजे निर्गमच्या २१ व्या अध्यायात माणसाला शिंग मारणाऱ्या बैलाचा कायदा वाचताना तर्गुममध्ये दिसणारा हा शब्द धर्मग्रंथाचा नव्हे. तोरा या ग्रंथाला तर्गुममध्ये ‘ओरायता’ म्हणतात.

याखेरीज डझनभर क्रियापदे आणि नामे पाठ केली की पुष्कळ काम होते. पाहिले म्हणजे हझा, गेला म्हणजे अझल, दिले म्हणजे येहाव, केले म्हणजे अवाद, उतरला म्हणजे नेहात, चढला म्हणजे सलेक, मुलगा म्हणजे बर, झाड म्हणजे इलाना.

सरावाची सुरुवात तोरापासून न करता पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) हगादापासून, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीपासून, करावी. बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या यहुदी समाजाच्या) घरांत हे शब्द लहानपणापासून कानावर असतात. हगादाची मराठी आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात आणखी एक. हगादाच्या सुरुवातीला येणारा ‘हा लाह्मा अन्या’ हा परिच्छेद अरामीच आहे. ‘हा लाह्मा अन्या दी अखालू अव्हाताना बे-अर्आ दे-मित्सरायिम’: हीच ती दैन्याची भाकर, जी आमच्या पूर्वजांनी मिसर देशात खाल्ली. ‘लेहेम’चे लाह्मा झाले, ‘आशेर’चे दी झाले, ‘आरेत्स’चे अर्आ झाले. एका ओळीत वरचे अर्धे नियम सापडतात. कद्दीश आणि कोल निद्रे या प्रार्थनाही अरामीच, त्यांवरही असाच हात फिरवून पाहावा.

दोन वचने जवळून

उत्पत्ती १:१ हिब्रूत: बेरेशित बारा एलोहिम एत हा-शामायिम वे-एत हा-आरेत्स. ओंकेलोस: बेकद्मिन बरा अदोनाय यात शमाया वे-यात अर्आ. शब्दाला शब्द बसतो. बदल एकच, तो देवाच्या नावाचा. मूळात ‘एलोहिम’ आहे आणि तर्गुममध्ये चार अक्षरी नाव आहे, जे छापताना बहुतेक दोन योदांनी लिहितात आणि वाचताना ‘अदोनाय’ म्हणतात. ‘एलोहिम’ हे रूप अनेकवचनी दिसते. ऐकणाऱ्याच्या मनात शंकाच राहू नये म्हणून ओंकेलोस ते बाजूला ठेवतो.

पुढच्याच वचनात हात वेगळा चालतो. मूळात देवाचा ‘रूआह’ पाण्यावर ‘मेराहेफेत’ करत होता. रूआह म्हणजे वारा किंवा आत्मा, आणि मेराहेफेत म्हणजे पक्षी पंख पसरून घिरट्या घालतो तसे. ओंकेलोस म्हणतो, ‘वे-रूहा मिन कोदाम अदोनाय मेनश्बा अल अप्पे माया’. देवाच्या समोरून आलेला वारा पाण्यावर वाहत होता. ‘मिन कोदाम’, म्हणजे ‘च्या समोरून’, ही जोड लक्षात ठेवावी. जिथे मूळ वचन एखादी गोष्ट थेट देवाला चिकटवते, तिथे ओंकेलोस ही जोड मध्ये घालून अंतर राखतो. याच कामासाठी त्याच्याकडे आणखी तीन शब्द आहेत: मेम्रा (वचन, शब्द), येकारा (तेज) आणि शेखिन्ता (वास). मोशे व वडीलजन ‘इस्राएलाच्या देवाला’ पाहतात (निर्गम २४:१०), तिथे ओंकेलोसमध्ये ते देवाचे तेज पाहतात. बाबेलच्या बुरुजापाशी देव ‘उतरला’ (उत्पत्ती ११:५), तिथे तो ‘प्रकट झाला’, तोही त्या कामाची शिक्षा द्यायला.

पाठ करताना असे ठिकाण आले की समासात हलकी खूण करावी. तर्गुम कुठे मूळाला धरून आहे आणि कुठे मुद्दाम बाजूला सरतो, हे कळू लागले की तिसरे आवर्तन कंटाळवाणे होत नाही. काही ठिकाणी बदल चांगलाच मोठा असतो. करडू आईच्या दुधात शिजवू नये (निर्गम २३:१९) याचा तर्गुम सरळ ‘मांस दुधाबरोबर खाऊ नये’ असा आहे. कायद्याचा अर्थच तिथे भाषांतर होऊन बसला. याकोबाने ‘कपटाने’ आशीर्वाद घेतला असे इसहाक म्हणतो (उत्पत्ती २७:३५), ओंकेलोसमध्ये ते ‘शहाणपणाने’ होते. आदाम ‘जिवंत प्राणी’ झाला (उत्पत्ती २:७) तिथे तो ‘बोलणारा आत्मा’ होतो. उलट ‘डोळ्याच्या बदली डोळा’ ओंकेलोसने जसेच्या तसे ठेवले. भरपाई पैशाची, हा रब्बींचा अर्थ त्या दुसऱ्या, चुकून योनातानच्या नावावर गेलेल्या तर्गुमने मजकुरात घातला.

म्हणून ओंकेलोसला शब्दकोशासारखा वापरू नये. रब्बी यहुदा यांचे वचन प्रसिद्ध आहे (किद्दुशीन ४९अ): जो वचनाचे शब्दशः भाषांतर करतो तो खोटारडा, आणि जो पदरचे घालतो तो देवनिंदक.

सिनेगॉगमध्ये: मेतुर्गेमानचे नियम

हा घरचा पाठ मुळात सार्वजनिक वाचनाची सावली आहे. नहेम्या ८:८ मध्ये तोराचे पुस्तक ‘स्पष्ट करून’ वाचल्याचा उल्लेख आहे. तालमूद त्यातच तर्गुमची सुरुवात पाहतो. तोरा वाचणाऱ्याच्या शेजारी भाषांतरकार, म्हणजे मेतुर्गेमान, उभा राहायचा आणि वचनागणिक अरामी सांगायचा. मध्ययुगीन विद्वान मायमोनिदेसने हे नियम नीट संकलित केले (प्रार्थनेचे नियम, अध्याय १२).

तोरा वाचताना एका वेळी एकच वचन, मग भाषांतर. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत तीन वचनांपर्यंत चालते, कारण तिथे चुकीने कायदा बदलण्याची भीती नाही. मात्र ती तीन वचने तीन वेगळ्या परिच्छेदांतली असतील तर पुन्हा एकेकच (मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ नियमग्रंथ, मेगिला ४:४). वाचणाऱ्याचे वचन संपेपर्यंत मेतुर्गेमानने तोंड उघडायचे नाही, आणि त्याचे संपेपर्यंत वाचणाऱ्याने पुढे जायचे नाही. दोघांचा आवाज सारखा असावा, कुणी वरचढ नको. मेतुर्गेमानने टेकून उभे राहायचे नाही. पुस्तकातून वाचायचे नाही, तोंडपाठ सांगायचे. वाचणाऱ्याने त्याला शब्द सुचवायचा नाही. कारण तालमूदनेच दिले आहे: भाषांतरही तोराच्या गुंडाळीत लिहिलेले आहे, असे लोकांना वाटू नये. एकाच माणसाने वाचायचे आणि भाषांतरही करायचे, हेही बरोबर नाही. तोरा मध्यस्थाच्या हातून दिली गेली, तशीच ती ऐकवली जावी. तोरासाठी एक वाचक आणि एकच मेतुर्गेमान, संदेष्ट्यांसाठी मेतुर्गेमान दोन चालतात. एस्तेरच्या गुंडाळीला दहा जणांनी वाचले आणि दहा जणांनी भाषांतर केले तरी चालते. ती लोकांच्या इतकी आवडीची की गोंगाटातही ते कान देऊन ऐकतात (मेगिला २१ब).

मेतुर्गेमान लहान मुलगा असू शकतो. दृष्टिहीन माणूसही असू शकतो, कारण तो तसेही पाठच सांगतो. थोरामोठ्याने मात्र लहानाच्या वाचनाचे भाषांतर करू नये. ते त्याच्या मानाला शोभत नाही.

शुल्हान आरुख लिहिले गेले त्या १६ व्या शतकापर्यंत बहुतेक ठिकाणी ही प्रथा थांबली होती. लोकांना अरामीच कळत नाही तर उपयोग काय, असे तिथेच नमूद आहे (ओराह हायिम १४५). त्याच्या कितीतरी आधी, मोरोक्कोतल्या फेझच्या अरबी बोलणाऱ्या यहुद्यांनी तर्गुम सोडला म्हणून यहुदा इब्न कुरैश यांनी त्यांना खरमरीत पत्र लिहिले होते. येमेनी यहुद्यांनी मात्र आजवर सोडला नाही. येमेनी सिनेगॉगमध्ये गेलात तर हुम्माशच्या ओंकेलोसच्या स्तंभावर बोट ठेवा. बहुतेक वेळा तर्गुम सांगणारा एखादा मुलगा असतो. मोठ्या माणसाचा आवाज थांबला आणि मुलाचा चढा आवाज आला की तर्गुम सुरू झाला. दोन-तीन वचनांत लय सापडते.

जे वाचायचे पण सांगायचे नाही

मिश्नाने (मेगिला ४:१०) काही उतारे वाचायचे पण भाषांतरित करायचे नाहीत असे ठरवले. रऊबेन आणि बिल्हा (उत्पत्ती ३५:२२) हा त्यांतला एक. रऊबेनाची लाज राखायची. सोन्याच्या वासराची दुसरी हकिकत हा दुसरा, म्हणजे आहरोन मोशेला ‘मी सोने आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले’ असे सांगतो तो भाग. भाषांतर ऐकून कुणी त्या वासरात खरेच शक्ती होती असे मानले तर? पहिली हकिकत, जिथे लोक वासरू मागतात आणि आहरोन ते घडवतो, ती मात्र भाषांतरासकट सांगायची. यहुदा आणि तामारची कथाही सांगायची, कारण यहुदाने आपला दोष कबूल केला. याजकांचा आशीर्वाद भाषांतरित करायचा नाही.

हे निर्बंध सार्वजनिक वाचनापुरते आहेत. घरच्या पाठात छापील ओंकेलोसमध्ये ही वचने असतात, ती नेहमीसारखीच वाचावीत. ज्या वचनाला तर्गुमच नाही, जसे अटारोत-दिबोन, तिथे राशीच्या मते हिब्रू वचन तिसऱ्यांदा वाचायचे.

रोजच्या प्रार्थनेतला तर्गुम

ज्याला साप्ताहिक पाठ जमत नाही, तोही रोज तर्गुम म्हणतो. सकाळच्या प्रार्थनेच्या अखेरीस, ‘आश्रे’ या स्तोत्रानंतर ‘उवा लेत्सियोन’ ही प्रार्थना येते. तिच्यात तीन वचने आधी हिब्रूत आणि लगेच अरामीत आहेत: यशया ६:३, यहेज्केल ३:१२ आणि निर्गम १५:१८. यशयाच्या वचनात ‘कादोश’ तीनदा आहे. योनातानचा तर्गुम त्या तिन्हींना वेगवेगळ्या जागा देतो: उंच आकाशात, त्याच्या वासाच्या ठिकाणी पवित्र, पृथ्वीवर, त्याच्या सामर्थ्याच्या कामात पवित्र, आणि सदासर्वकाळ पवित्र. घाईत म्हणताना बरेच जण या अरामी ओळी गिळतात. ज्याला वर दिलेले बदल कळले त्याने एकदा हळू म्हणून पाहाव्यात. कादोशचे कद्दीश, आरेत्सचे अर्आ, सगळे तिथे आहे.

शावुओत या सणाला अश्केनाझी (युरोपीय यहुदी) सिनेगॉगमध्ये म्हणतात ती ‘अक्दामुत’ ही अरामी रचनाही याच परंपरेतून आली. त्या दिवशीच्या वाचनाचा तर्गुम सुरू करण्याआधी मेतुर्गेमान ती प्रस्तावना म्हणून म्हणायचा. तर्गुम गेला, प्रस्तावना मागे राहिली.

कुठे चुकते

पाराशाच चुकते, हे सर्वांत जास्त घडते. पेसाहचा आठवा दिवस किंवा शावुओतचा दुसरा दिवस शब्बाथला आला की इस्राएल देश एक पाराशा पुढे जातो. भारतात सण दोन दिवस पाळतात, म्हणून मुंबई, ठाणे, पुणे मागे राहतात. पुढे एखादी जोड-पाराशा येईपर्यंत हा फरक अनेक आठवडे टिकतो. इस्राएलमधल्या अश्दोद किंवा दिमोना इथल्या नातेवाइकाने पाठवलेले वेळापत्रक या काळात इथे चालत नाही. मोबाइलमधील दिनदर्शिकेत ‘इस्राएलबाहेर’ हा पर्याय निवडला आहे ना, ते पाहावे.

वचनांचे आकडे जुळत नाहीत, हे दुसरे. अर्थासाठी मराठी बायबल शेजारी ठेवले तर लक्षात घ्या की बहुतेक मराठी आवृत्त्या इंग्रजी बायबलची मोजणी पाळतात. हिब्रूतले उत्पत्ती ३२:१ तिथे ३१:५५ असते. हिब्रूतला गणना १७ चा आरंभ तिथे १६:३६ पासून असतो. तर्गुम नेहमी हिब्रू मोजणीने चालतो, म्हणून बोट हिब्रूवरच ठेवावे.

आणि नुसते मराठी वाचून तर्गुम झाला असे समजणे. तोसाफोत आणि रोश या मध्ययुगीन तालमूद-भाष्यांच्या मते दुसऱ्या कोणत्याही भाषेतले साधे भाषांतर तर्गुमची जागा घेत नाही, कारण तर्गुम मूळात न सांगितलेलेही उलगडतो. शुल्हान आरुख राशीच्या भाष्याला तर्गुमच्या जागी मान्यता देतो, आणि देवभीरू माणसाने दोन्ही वाचावेत असे म्हणतो. शुल्हान आरुखवरचा भाष्यग्रंथ मिश्ना बेरुरा आणखी एक पायरी खाली येतो. ज्याला राशी कळत नाही त्याने आपल्या भाषेतले, परंपरेतल्या अर्थासह केलेले विवरण वाचावे. मराठी वाचकाला याचा सरळ उपयोग असा: अरामी जमेल तितके ओठांनी वाचावे, आणि समजण्यासाठी मराठीचा आधार घ्यावा. तेवढ्याने भागते का, हे आपल्या हजानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) किंवा रब्बीला विचारावे.

राहून गेले तर

शब्बाथ संपला आणि पाराशा अर्धी राहिली, तर काही मतांप्रमाणे बुधवारपर्यंत भरून काढता येते. आठवड्याचे पहिले तीन दिवस मागच्या शब्बाथचे धरतात. त्याहून मोठी थकबाकी असेल तर सिम्हात तोरापर्यंत मुदत आहे, कारण त्या दिवशी समाज वाचनाचे चक्र पूर्ण करतो. आधी चालू आठवड्याची पाराशा करावी, मग जुनी. उलट केले की चालूही मागे पडते.

सणांच्या दिवशीच्या वेगळ्या वाचनाचा पाठ करावा लागत नाही. ‘वेझोत हा-बेराखा’ ही शेवटची पाराशा कोणत्याच नेमक्या शब्बाथच्या वाट्याला येत नाही, म्हणून ती विसरली जाते. सुक्कोत सणाच्या सातव्या दिवशी, होशाना रब्बाला, तिचा पाठ करून ठेवावा. वचने फक्त ४१ आहेत.